गट क्रमांक १४४१

रक्तदाबाच्या एका मोठ्या सर्वेक्षणाची माहिती हाती आली, तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न सांगायला सोपा होता. स्त्री असणे, शिक्षण कमी असणे, उत्पन्न कमी असणे आणि अपंगत्व असणे या चारही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या, तर त्याच्या आरोग्यावर त्यांचा एकत्रित परिणाम किती होतो? सामाजिक शास्त्रांत आंतरछेदिता या नावाने ज्या विचाराची चर्चा होते, त्याच्याच पोटातला हा प्रश्न आहे, आणि तो आकड्यांत मांडण्यासाठी मी प्रथम रिग्रेशन हे नेहमीचे संख्याशास्त्रीय तंत्र वापरले.

चार घटक सुटे सुटे घातले की प्रत्येकाच्या परिणामाचे आकडे मिळतात. अपंगत्वामुळे वरचा रक्तदाब इतका वाढतो, कमी शिक्षणामुळे इतका, असे सांगता येते. पण त्या मांडणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. अपंगत्वाचा जो परिणाम पुरुषावर होतो तोच स्त्रीवर होतो, आणि जो श्रीमंतावर होतो तोच गरिबावर होतो. हे गृहीतक काढून टाकायचे तर घटकांचे गुणाकार, म्हणजे इंटरॅक्शनची पदे, घालावी लागतात. माझ्या माहितीत लिंगाचे २ वर्ग होते, शिक्षणाचे ४, उत्पन्नाचे ४ आणि अपंगत्वाचे २. त्यांतून ६४ गट होतात आणि मूळ ९ आकडे वजा केले की ५५ इंटरॅक्शन पदे उरतात: दोन घटकांची २२, तीन घटकांची २४ आणि चारही घटकांची ९. मी ती सगळी घातली.

तक्ता मिळाला, पण तो वाचता येईना. प्रत्येक आकडा संदर्भगटाच्या तुलनेत होता आणि माझा संदर्भगट होता सर्वाधिक शिकलेल्या, सर्वाधिक उत्पन्नाच्या, अपंगत्व नसलेल्या पुरुषांचा. म्हणजे बाकीचे ६३ गट त्या एकाच गटाच्या फूटपट्टीने मोजले जात होते. चार घटकांच्या पदाचा अर्थ लावायचा, तर खालची सगळी पदे मनात बेरजेला धरावी लागत. शिवाय ५५ चाचण्या एकदम केल्या की, कशातच काही नसले तरी, पाच टक्क्यांच्या कसोटीवर त्यांतल्या दोन-तीन निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरण्याची अपेक्षा असते. माझ्या तक्त्यात लक्षणीय ठरलेली पदे त्यांतलीच होती की खरी होती, हे सांगण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता.

कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये आंतरछेदितेचा विचार मांडताना १९७६ च्या एका अमेरिकी निकालाचा आधार घेतला होता. जनरल मोटर्समधून कमी केलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी तो दावा लावला होता. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते, त्यामुळे सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली तेव्हा १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया बाहेर पडल्या. न्यायालयाने त्यांना वर्णभेदाचा दावा करता येईल किंवा लिंगभेदाचा करता येईल, पण दोहोंना जोडून नाही, असे सांगितले. कंपनीत गोऱ्या स्त्रिया होत्या आणि कृष्णवर्णीय पुरुषही होते, म्हणून एकेका घटकाकडे सुटे पाहिले तर अन्याय दिसतच नव्हता. हे वाचताना माझा पहिला तक्ता डोळ्यांसमोर आला. एकेक घटक सुटा पाहण्याची चूक मीही करत होते, आणि ती दुरुस्त करण्यासाठी जे केले, त्यातून ज्याचा अर्थ लावता येईना असा ५५ पदांचा ढीग तयार झाला होता.

बहुस्तरीय मॉडेलकडे मी वळले ते तिथून. विद्यार्थी शाळांमध्ये असतात, रुग्ण रुग्णालयांमध्ये असतात, आणि शाळा-शाळांतला किंवा रुग्णालया-रुग्णालयांतला फरक या मॉडेलने मोजतात, हे मला ठाऊक होते. क्लेअर इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच स्वीडनमधील हुआन मेर्लो यांनी, २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत हीच रचना सामाजिक गटांना लावली होती. माणसे पहिल्या स्तरावर आणि लिंग, वर्ण, शिक्षण, उत्पन्न यांच्या संयोगातून तयार होणारे गट दुसऱ्या स्तरावर. वैयक्तिक भिन्नता आणि भेद ओळखण्यातील अचूकता यांचे बहुस्तरीय विश्लेषण, असे त्या पद्धतीचे लांबलचक नाव आहे. नाव अवघड असले तरी कल्पना स्वच्छ आहे. ५५ सुट्या पदांऐवजी ६४ गटांची एक वाटणी मानायची आणि तिचा पसारा किती हे सांगणारा एकच आकडा, म्हणजे प्रचरण, मोजायचा. यात कोणताही गट संदर्भगट राहत नाही. सगळे एकाच मधल्या रेषेपासून मोजले जातात, हे मला गणिताइतकेच नैतिकदृष्ट्याही पटले.

प्रत्येक गटाला मी चार अंकी क्रमांक दिला. पहिला अंक लिंगाचा, दुसरा शिक्षणाचा, तिसरा उत्पन्नाचा आणि चौथा अपंगत्वाचा. गटांची यादी संख्येनुसार लावली, तेव्हा वरच्या गटांत शेकडो माणसे होती आणि तळाशी होता गट क्रमांक १४४१. म्हणजे सर्वाधिक शिकलेल्या, सर्वाधिक उत्पन्नाच्या, अपंगत्व असलेल्या स्त्रिया. त्यांची संख्या दहाच्या आत होती. अपंगत्व असलेल्या स्त्रीला शिक्षण आणि उत्पन्न या दोन्हींच्या वरच्या पायरीवर पोहोचणे किती कठीण आहे, हे त्या यादीनेच सांगितले. या गटाची नुसती सरासरी काढली तर ती एका-दोघींच्या मोजणीवर वर-खाली होई. अपंगत्व हा घटकच वगळला असता तर गटांची संख्या निम्मी झाली असती, प्रत्येक गट भरघोस झाला असता आणि माझे काम सोपे झाले असते. तसे सुचवणारेही भेटले. पण ज्यांची संख्या कमी आहे त्यांना संख्या कमी आहे म्हणून मोजायचे नाही, हे मला मान्य होणारे नव्हते.

त्याआधी एक चूक मात्र मी केली होती. अगदी पहिल्या प्रयत्नात मी वयाचेही तीन वर्ग करून ते गटांच्या व्याख्येत घातले होते, म्हणजे १९२ गट. गटांच्या वाट्याला आलेले प्रचरण इतके मोठे निघाले की मी आनंदाने ते मार्गदर्शक मॅडमना दाखवायला गेले. त्यांनी कागद पाहून एवढेच विचारले, “यातलं वय काढलंस तर काय उरतं?” रक्तदाब वयाबरोबर वाढतोच, आणि माझ्या १९२ गटांतला बराचसा फरक तरुण आणि वृद्ध यांच्यातला होता. त्याला मी सामाजिक विषमता म्हणत होते. वय गटांच्या व्याख्येत घालणे नेहमीच चूक असते असे नाही. वृद्धांना मिळणारी वागणूक हाच विषय असेल, तर ते तिथेच हवे. माझ्या प्रश्नासाठी मात्र ते व्यक्तीच्या पातळीवर समायोजनासाठी, म्हणजे वयाचा परिणाम बाजूला काढण्यासाठी, घालणे योग्य होते. तसे केल्यावर गट ६४ झाले आणि आकडा बराच खाली आला.

रक्तदाबाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, तिचा निकाल आधी लावला. ज्यांना निदान झाले आहे आणि गोळ्या परवडतात त्यांचा दाब औषधामुळे कमी भरतो. कच्चे आकडे जसेच्या तसे घेतले तर उपचार मिळणारे गट आहेत त्यापेक्षा निरोगी दिसतात आणि उपचाराच्या उपलब्धतेतली विषमता मोजमापात मिसळून जाते. म्हणून औषध घेणाऱ्यांच्या वरच्या दाबात ठरावीक वाढ धरण्याची जी रूढ रीत आहे, ती मी वापरली. ही वाढ साधारण १० ते १५ मिलिमीटर धरतात. दोन्ही टोकांचे आकडे घालून निष्कर्ष बदलतो का, तेही पाहिले.

पहिले मॉडेल रिकामे असते. त्यात गट असतात आणि माझ्या बाबतीत वय होते, पण लिंग-शिक्षण-उत्पन्न-अपंगत्व यांचे सुटे परिणाम नसतात. या मॉडेलमधून एकूण प्रचरण दोन भागांत विभागले जाते, गटा-गटांमधले आणि गटांच्या आतले. माझ्या अभ्यासातले आकडे सर्वेक्षणाच्या अटींमुळे इथे देत नाही, पण हिशेब कळावा म्हणून सोपे आकडे घेते. समजा गटांमधले प्रचरण १६ आहे आणि गटांच्या आतले ३८४. मग एकूण ४०० पैकी गटांचा वाटा ४ टक्के. यालाच व्हीपीसी, म्हणजे प्रचरणातला गटांचा वाटा, म्हणतात.

आता लहान गटांचे काय होते ते याच आकड्यांत दिसते. गटाच्या कच्च्या सरासरीवर मॉडेल किती भरवसा ठेवते, हे गटांमधले प्रचरण आणि त्या सरासरीतली अनिश्चितता यांच्या तुलनेवर ठरते. गटात ९६ माणसे असतील तर अनिश्चितता ३८४ भागिले ९६, म्हणजे ४. मग भरवसा १६ भागिले २०, म्हणजे ८० टक्के. माणसे २४ असतील तर तो ५० टक्के, आणि फक्त ६ असतील तर २० टक्के. सहा जणींच्या गटाची कच्ची सरासरी मधल्या रेषेपेक्षा १५ मिलिमीटर वर असेल, तर मॉडेल ती ३ मिलिमीटरवर आणून ठेवते. याला आकसणे किंवा श्रिंकेज म्हणतात. योगायोगाने वर उडालेल्या गटांवर भलते निष्कर्ष काढण्यापासून हेच आपल्याला वाचवते, आणि ५५ पदांच्या तक्त्यात नेमके हेच नव्हते.

पण ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कापते. लहान गटाची हलाखी खरी असेल तर? रिकाम्या मॉडेलमध्ये लहान गट सगळ्यांच्या सरासरीकडे ओढला जातो, म्हणजे खरोखर मागे पडलेला गट लहान असेल तर तो आहे त्यापेक्षा बरा दिसतो. १४४१ कडे पाहताना ही शंका मला फार दिवस सतावत होती. तिचे बरेचसे उत्तर दुसऱ्या मॉडेलमध्ये मिळाले. त्यात चारही घटकांचे सुटे परिणाम घातले जातात, आणि गट सगळ्यांच्या सरासरीकडे न ओढता त्या चार घटकांच्या बेरजेने जो अंदाज येतो त्याच्याकडे ओढला जातो. गट १४४१ मधल्या मोजक्या स्त्रियांबद्दल माहिती तोकडी असली, तरी इतर सगळ्या स्त्रियांबद्दल, इतर सगळ्या अपंग व्यक्तींबद्दल, त्याच शिक्षणाच्या आणि उत्पन्नाच्या माणसांबद्दल भरपूर माहिती असते. मॉडेल ती उसनी घेते. म्हणून गटांच्या सरासरीचे अंदाज द्यायचे असतील, तर ते मी दुसऱ्या मॉडेलमधून देते.

हे दुसरे मॉडेल बसवताना दोन आठवडे गेले. नेहमीच्या पद्धतीने बसवले की गटांमधले उरलेले प्रचरण थेट शून्य यायचे आणि सोबत मॉडेल सिंग्युलर असल्याची, म्हणजे अंदाज सीमेला टेकल्याची, सूचना. प्रचरण खरोखर शून्य आहे की फार लहान असल्यामुळे अंदाज शून्याच्या भिंतीला टेकला आहे, हे त्यातून कळत नाही. मग बेजियन पद्धत घेतली, म्हणजे आधीची धारणा आणि हातातली माहिती यांची सांगड घालणारी. तिथे सुरुवातीला प्रचरणासाठी जी पूर्वधारणा घातली होती तीच निकाल ठरवू लागली, कारण प्रचरण शून्याच्या जवळ असेल तेव्हा ‘काहीही न सांगणारी’ म्हणून वापरली जाणारी पूर्वधारणाही बरेच काही सांगत असते. तीन वेगवेगळ्या पूर्वधारणा घालून निकाल शेजारी शेजारी ठेवले, अंदाज काढणाऱ्या संगणकीय साखळ्या एकमेकींत मिसळल्या आहेत का ते पाहिले, आणि तिन्ही ठिकाणी चित्र सारखे राहिल्यावरच पुढे गेले.

दुसऱ्या मॉडेलनंतर गटांमधले प्रचरण किती घटले ते पाहायचे असते. वरच्याच आकड्यांत ते १६ वरून २ वर आले असे धरले, तर ८७.५ टक्के फरक चार घटकांच्या साध्या बेरजेतून समजतो आणि उरलेला बेरजेपलीकडचा, म्हणजे इंटरॅक्शनचा, आहे. माझ्याही अभ्यासात बहुतांश फरक बेरजेतच सामावला. ६४ गटांचे उरलेले अवशेष, म्हणजे बेरजेच्या अंदाजापासूनची अंतरे, क्रमाने लावून आलेख काढला, तेव्हा जवळपास प्रत्येक गटाची अनिश्चितता दाखवणारी उभी रेघ शून्याला ओलांडून जात होती. १४४१ ची रेघ सर्वांत लांब होती.

आणि इथे मी या संपूर्ण कामातली सर्वांत गंभीर चूक केली. पहिल्या मसुद्यात मी लिहिले की, इंटरॅक्शन नगण्य असल्यामुळे या लोकसंख्येत आंतरछेदी विषमतेला आधार मिळत नाही. मॅडमनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीने चौकट काढली आणि मला गटांच्या अंदाजांचा आलेख पुन्हा उघडायला लावला. अवशेषांचा नव्हे, गटांच्या सरासरींचा. त्यात एका टोकाला चारही घटकांत वरचढ असलेले गट होते, दुसऱ्या टोकाला चारही घटकांत दबलेले, आणि मधले अंतर मोठे होते. चार ओझी एकावर एक ठेवली आणि प्रत्येक ओझ्याने आपापले वजन टाकले, तर ती उचलणाऱ्या बाईच्या खांद्यावर चारांची बेरीज असते. ती बेरजेहून अधिक नाही म्हणून भार नाहीच, असे मी लिहिले होते. बेरजेने तयार झालेली विषमताही छेदबिंदूवरचीच विषमता असते. इंटरॅक्शनचा प्रश्न त्यानंतरचा आणि वेगळा आहे. शिवाय आकसण्यामुळे लहान गटांतले खरे इंटरॅक्शनही शून्याकडे ओढले जाते, त्यामुळे ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांत अंतर ठेवावेच लागते. ते वाक्य मी खोडले आणि त्या जागी चार परिच्छेद लिहिले.

अशीच एक चूक व्हीपीसीच्या बाबतीतही होऊ शकते, आणि चर्चासत्रांत ती वारंवार ऐकू येते. गटांचा वाटा ४ टक्के, म्हणजे ९६ टक्के फरक गटांच्या आतच, तेव्हा गटांकडे पाहायचे कारण काय? माणूस कोणत्या गटात आहे एवढ्यावरून त्याचा रक्तदाब ओळखता येत नाही, हे त्यातून निघते आणि ते महत्त्वाचे आहे. एखाद्या गटावर ‘धोक्याचा गट’ असा शिक्का मारला तर त्या गटातल्या अनेक निरोगी माणसांना तो विनाकारण चिकटतो आणि इतर गटांतले आजारी नजरेआड होतात. पण त्याच आकड्यांत गटांच्या सरासरींचे प्रमाण विचलन, म्हणजे १६ या प्रचरणाचे वर्गमूळ, ४ मिलिमीटर आहे. म्हणजे सुमारे ९५ टक्के गट मधल्या रेषेच्या ८ मिलिमीटर खाली ते ८ मिलिमीटर वर पसरलेले आहेत. हा पट्टा १६ मिलिमीटरचा झाला. ६१ अभ्यासांतील सुमारे १० लाख प्रौढांच्या माहितीचे जे एकत्रित विश्लेषण २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, त्यात ४० ते ६९ या वयांत वरच्या दाबातल्या २० मिलिमीटरच्या फरकाबरोबर पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दुपटीहून अधिक बदलताना दिसले होते. १६ मिलिमीटर म्हणजे त्याच्या फार अलीकडचे नव्हे. व्यक्तीबद्दल गट फारसे सांगत नाही आणि समाजाबद्दल पुष्कळ सांगतो, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि अहवालात ती शेजारी शेजारी छापली पाहिजेत असा माझा आग्रह होता. उपाययोजनेबद्दल लिहिताना म्हणूनच मी आरोग्यविषमतेचे ब्रिटिश अभ्यासक मायकल मार्मट यांच्या २०१० च्या अहवालातल्या मांडणीचा आधार घेतला. सेवा सर्वांसाठी, पण तिचे प्रमाण आणि जोर गरजेनुसार वाढता.

रक्तदाब उच्च आहे की नाही, असा हो-नाही स्वरूपाचा प्रश्न घेऊनही विश्लेषण केले. तिथे गटांच्या आतले प्रचरण थेट मोजता येत नाही, म्हणून ते ३.२९ हा ठरावीक आकडा धरण्याची रीत आहे. आणि मॉडेलमधली बेरीज लॉग-ऑड्सच्या, म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमच्या, मापावर होत असल्यामुळे तिथे जे इंटरॅक्शन दिसत नाही ते शेकडेवारीत दिसू शकते. त्यामुळे अवशेष तसेच न वाचता, प्रत्येक गटात उच्च रक्तदाबाचे अंदाजित प्रमाण बेरजेपुरते किती आणि प्रत्यक्षात किती, हे शेकडेवारीत उतरवून मगच त्यावर भाष्य केले.

लेख परीक्षणासाठी गेला तेव्हा एका परीक्षकांनी दहापेक्षा कमी माणसे असलेले गट गाळावेत असे सुचवले. आम्ही ते नम्रपणे नाकारले आणि आकसण्याचा सगळा हिशेब परिशिष्टात मांडून दाखवला. सर्वेक्षणाच्या गोपनीयतेच्या अटीनुसार इतक्या लहान गटातल्या व्यक्तींची नेमकी संख्या छापता येत नाही. त्यामुळे अंतिम तक्त्यात गट क्रमांक १४४१ च्या ओळीत संख्येच्या रकान्यात ‘१० पेक्षा कमी’ असे लिहिले आहे. त्यापुढे दुसऱ्या मॉडेलचा अंदाज आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्या तक्त्यातल्या सर्वांत रुंद मर्यादा आहेत.